४२ डिग्रीत सूत्रकृमी जगतात का? (हुमणी, कुंड्या आणि सासऱ्यांचे टोमणे)

मांजराकाठ | १४ मे, रात्री १०:४०

राम राम मंडळी. मी लातूरचा. घरामागं जेमतेम दीड गुंठा जागा आहे. त्यात बायकोचे गुलाब, मोगरा, भाजीचे चार वाफे आणि मुलांनी हट्टानं करून घेतलेला टीचभर हिरवळीचा तुकडा. वर गच्चीत पंचेचाळीस कुंड्या.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आठ दिवस आधी गुलाबांनी माना टाकल्या. पाणी कमी पडलं म्हणून वाढवलं, मग जास्त झालं म्हणून कमी केलं. शेवटी एक झाड सहज धरून हलवलं तर मुळा उपटावा तसं अलगद हातात आलं. खाली पांढरी मुळी औषधालासुद्धा नव्हती. खुरप्यानं उकरलं तर वीतभर जागेत सात हुमण्या, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, गुबगुबीत. गच्चीतल्या कुंड्यांतही तसलंच दिसलं. सगळ्या वेचून कठड्यावर ठेवल्या, कावळ्यांनी पंगत केली.

आता हिंडता हिंडता कळलं, की अळ्या मारणारे सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे अगदी बारीक जंत, मिळतात, पाण्यात कालवून मातीत ओतायचे. पण जे व्हिडिओ बघितले ते सगळे थंड देशांतले. तिथला माणूस स्वेटर घालून झारीनं पाणी घालतोय. आमच्याकडं आज ४२.

सासरे शेतकरी आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "जावईबापू, सूत्रकृमी पैसे देऊन आणायलाव? आमच्या टमाट्यात फुकट हायत, पोतंभर न्या."

मराठवाड्यात कुणी वापरलेत का? उन्हात टिकतात का?


कोरडवाहू | १४ मे, रात्री १०:५२

सासऱ्यांना माझा दंडवत कळवा.


परभणीचा_जर्मन | १४ मे, रात्री ११:३०

जगात जर्मनी, भारतात परभणी, त्यामुळे उत्तर आमच्याकडूनच येणार. शेतकीला होतो, आता शेतीऐवजी बँकेत आहे.

सासरे चूक नाहीत, फक्त भाऊबंदकीत गल्लत आहे. सूत्रकृमी हे फार मोठं खटलं. त्यांच्या टोमॅटोच्या मुळांवर गाठी करणारा तो मेलॉयडोगायनी, झाडाचं रक्त पिणारा. तुम्ही म्हणताय ते कीटकांच्या अंगात शिरणारे, झाडाच्या वाटेला जात नाहीत. त्यांची दोन घराणी लक्षात ठेवा, स्टायनरनेमा आणि हेटेरोऱ्हॅब्डायटिस.

अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा जीव. मातीतल्या पाण्याच्या पातळ थरातून सरकत अळीपर्यंत जातो, तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासरंध्रातून आत शिरतो. हेटेरोऱ्हॅब्डायटिसला तर एक दातही असतो, कातडी मऊ असेल तिथं तो कोरून शिरतो. आत गेल्यावर पोटात सांभाळून आणलेले जिवाणू सोडतो. अळी मरते ती त्या जिवाणूंनी, दोनएक दिवसांत. मग त्या कुजलेल्या मालावर ह्यांचा वंश वाढतो आणि आठ-दहा दिवसांनी लाखभर पिल्लं बाहेर पडतात.

उन्हाचं म्हणाल तर कोणती जात घेताय त्यावर सगळं आहे. त्या स्वेटरवाल्याकडं असतो स्टायनरनेमा फेल्टी, तो थंडीतला गडी, आपल्या मे महिन्यात त्याला टाकणं म्हणजे पेंग्विनला औंढ्याच्या यात्रेला नेणं. आपल्याला पाहिजे हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. नावातच आलं. १९९२ साली कोइमतूरच्या मातीतून मिळालेल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन झालं. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोनं ह्याच जातीची पाण्यात मिसळायची भुकटी तयार करून ते तंत्र खासगी उत्पादकांना दिलेलं आहे. म्हणजे माल देशी आहे, परदेशाकडं बघायची गरज नाही.

पण इंडिका झाला तरी पस्तिशीच्या वर माती तापली की त्याचंही चालत नाही. आणि मे महिन्यात दुपारी उघड्या मातीचा वरचा थर पन्नाशी ओलांडतो, चपलेशिवाय गच्चीवर जाऊन बघा. तेव्हा आत्ता नाही. थांबा.


गच्चीवरची_शेती | १५ मे, सकाळी ७:१०

आत्ता नाही म्हणजे नाहीच. मी केलंय ते.

संभाजीनगरला राहते. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी ऑनलाइन एक पाकीट मागवलं. कंपनीचं नाव घेत नाही, भांडून झालंय. "थंड जागी ठेवावे" असं पाकिटावर ठळक छापलेलं, आणि ते पाकीट तीन दिवस कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात पडलेलं. चौथ्या दिवशी पोरानं दुचाकीच्या पेटीतून दुपारी दोनला आणून दिलं. हाताला चहाच्या कपासारखं लागत होतं. फोडलं तर नदीतल्या मेलेल्या माशाचा वास. तरी वेड्या आशेनं कालवून कुंड्यांत ओतलं. महिनाभरानं माती उलटी केली तर अळ्या होत्या तशा, उलट दोन बोटं जास्तच फुगलेल्या. नऊशे रुपये गेले. कंपनी म्हणते आम्ही पाठवताना जिवंत होते.


कोरडवाहू | १५ मे, सकाळी ७:२५

पाठवताना तर सगळेच जिवंत असतात ताई.


निंबाखाली | १५ मे, सकाळी ९:०५

धाराशिवकडचा शेतकरी. पंधरा एकर, त्यात चार एकर ऊस. हुमणी मी पेपरात वाचून ओळखत नाही, तिनं माझा अर्धा एकर ऊस एका वर्षात आडवा पाडलाय. टिपरू धरून ओढलं की बुडासकट निघायचं.

ही पाकिटं शहरातल्या लोकांचे लाड आहेत. मार अळीला देत बसू नका, आईला द्या. रोहिणीचा किंवा मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की त्या संध्याकाळी दिवे लागणीला भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर ह्यांच्यावर पाला खायला बसतात. तासाभरानं जाऊन फांद्या हलवायच्या, खाली ताडपत्री, आणि गोळा करून रॉकेलच्या पाण्यात. हल्ली रॉकेल मिळत नाही, डिझेलवर भागतं. गावानं मिळून सात-आठ संध्याकाळी केलं तर पुढच्या अळ्यांची निम्मी फौज जन्मालाच येत नाही. आमच्या आळीत पोरांना मोजून पैसे द्यायचो, एका रात्रीत एका लिंबाखाली घमेलंभर भुंगेरे.

खर्च शून्य. मेंदू वापरायचा.


परभणीचा_जर्मन | १५ मे, सकाळी ९:४०

दादा, ह्याला विरोध कुणाचाच नाही. भुंगेरे वेचणं हा पहिला उपाय, सगळीकडं हेच सांगतात. पण मांजराकाठ ह्यांचं दीड गुंठा आहे आणि आजूबाजूला कॉलनी. ह्यांनी आपल्या झाडाखाली ताडपत्री टाकली तरी शेजारच्या नगरसेवकाच्या बंगल्यातले भुंगेरे उडून येऊन ह्यांच्या गुलाबात अंडी घालणार. गावकी असली तर तुमचा उपाय, एकटा असला तर दुसरं काही लागतंच.

आणि हुमणीचं गणित वर्षाचं आहे. जूनमध्ये अंडी, दहा-बारा दिवसांत बारीक अळी, ती आधी कुजका पाला खाते, मग मुळं. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत तिसऱ्या अवस्थेतली जाडजूड होते, तेव्हा खरं नुकसान. नेमकी तेव्हा ती मारायलाही अवघड, श्वासरंध्रांवर चाळणीसारखं झाकण असतं, सूत्रकृमीला शिरायला वाट कमी. म्हणून बारीक असताना गाठायची. आपल्याकडं म्हणजे आषाढात, जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टचा मध्य. माती ओली, ऊन उतरलेलं, अळी लहान. अशी तीनही एकत्र येतात ते चार आठवडेच.


आजीचं_अंगण | १५ मे, दुपारी १:२०

एक शंका. मृगाचा किडा म्हणतात तो लाल मखमली, तो पण भुंगेऱ्यांसारखाच मारायचा का? आमच्या आजी त्याला हात लावू द्यायच्या नाहीत, वात झालेल्यांना त्याचं तेल द्यायचे.


परभणीचा_जर्मन | १५ मे, दुपारी १:३५

अजिबात मारू नका. तो किडाही नाही खरं तर, आठ पायांचा कोळी-विंचवांच्या कुळातला माईट आहे. मातीतली किड्यांची अंडी खातो. आपल्याच बाजूचा माणूस. तेलाचं मला माहीत नाही, पण आजी हात लावू द्यायच्या नाहीत ते बरंच होतं.


कोरडवाहू | १५ मे, दुपारी १:४१

लहानपणी आम्ही काडेपेटीत पाळायचो. दुसऱ्या दिवशी काडेपेटीत फक्त काडेपेटी असायची.


वसमतची_हळद | १५ मे, संध्या. ६:१५

हे बघा, मला एक सांगा. हळदीच्या मुळांना गाठी आहेत. हे चांगले सूत्रकृमी टाकले तर त्या वाईट सूत्रकृमींना खातील का? खातील तर मी एकरभर टाकायला तयार आहे.


परभणीचा_जर्मन | १५ मे, संध्या. ६:५०

नाही खाणार. ह्यांची नजर कीटकांवर, त्यांची मुळांवर. गाठीवाल्यांना निंबोळी पेंड, फेरपालट, कडेनं झेंडू, आणि पर्प्युरिओसिलियम नावाची बुरशी मिळते ती शेणखतात मुरवून. जिवाणू-बुरशांची मिश्रणं आमच्या विद्यापीठातही मिळतात, जाऊन विचारा, हळदीवाल्यांची तिथं नेहमी रांग असते.


उदगीरी_मिरची | १६ मे, सकाळी ८:३०

माझा भाचा टेक्ससला आहे. तो म्हणतो तिथं बागेच्या दुकानात फ्रीजमध्ये ह्याची पाकिटं असतात, दिवाळीला येताना दोन आणतो. रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातली उन्हातली जात आहे म्हणे, आपल्यासारख्याच तापणाऱ्या मुलखातली. आणायला सांगू का?


परभणीचा_जर्मन | १६ मे, सकाळी ८:४४

जात खरी आहे, स्टायनरनेमा रिओब्रेव्ह. पण भाच्याला सांगा मामाला परफ्यूम आण. जिवंत कीटकशत्रू परवान्याशिवाय देशात आणता येत नाहीत, २००३ चा प्लँट क्वारंटाइन आदेश त्यांनाही लागू आहे. घाणेरी अशीच कुणीतरी शोभेसाठी आणली होती, आता बालाघाटाच्या डोंगरावर बघा.


मांजराकाठ | १६ मे, रात्री ९:३०

बापरे, एवढे प्रतिसाद. थांबायचं ठरलं. आता हिशेब सांगा. दीड गुंठ्याला किती लागतील? पाकिटावर नुसतं "एक किलो" लिहिलंय.


काळीमाती | १७ मे, सकाळी ६:२०

हाच तर राग आहे. किलोत काय मोजता, वजन त्या भुकटीचं. जीव किती आहेत ते लिहा ना.

साधारण मात्रा धरतात ती दर चौरस सेंटिमीटरला २५. म्हणजे चौरस मीटरला अडीच लाख. गुंठा म्हणजे १०१ चौ. मी., दीड गुंठ्याचे झाले दीडशे. पावणेचार कोटी जीव लागतील. हेक्टरला हेच अडीचशे कोटी होतात, म्हणून पंधरा एकरवाल्या दादांचं म्हणणं मला पटतं, मोठ्या शेतात खिशाला चाट आहे. सगळीकडं ओतू नका, फक्त मुळांच्या घेरात ओता, निम्म्यात भागेल.

पण माझा मुद्दा वेगळा. तुमची माती कोणती? आपली रेगूर माती ह्यांना मानवत नाही. चिकण मातीत कणांमधली वाट इतकी बारीक की जीव सरकूच शकत नाही, आणि पाणी साचलं तर हवा नाही. वाळूमिश्रित, भुसभुशीत मातीत ते सुसाट जातात. मी जालन्याला मोसंबीच्या चार झाडांखाली करून बघितलं होतं. ज्या दोन आळ्यांत दरवर्षी पोयटा नि शेणखत पडलंय तिथं लाल झालेल्या अळ्या मिळाल्या. नुसत्या काळ्यात एक पण नाही. चार झाडांवरून शास्त्र होत नाही हे मलाही कळतं, पण मी माझ्यापुरता धडा घेतला.


निंबाखाली | १७ मे, सकाळी ७:००

लाल झालेल्या म्हणजे?


काळीमाती | १७ मे, सकाळी ७:१५

इंडिकानं मारलेली अळी विटेसारखी लाल होते आणि कुजून घाण वास मारत नाही, फक्त मऊ पडते. स्टायनरनेमानं मारलेली फिकट तपकिरी. आपोआप मेलेली काळी पडते आणि नाक धरायला लावते. रंग बघून कळतं पैसे वसूल झाले का नाही.


गच्चीवरची_शेती | १७ मे, सकाळी ७:४०

हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! आता निदान इतरांचे नऊशे वाचावेत म्हणून, नंतर शिकले ते सांगते. पाकीट आलं की ओतायच्या आधी चिमूटभर भुकटी काळ्या बशीत चमचाभर पाण्यात टाका, पाच-दहा मिनिटं थांबा आणि घड्याळजीकडं असतं तसलं भिंग लावून बघा. जिवंत असतील तर पांढऱ्या केसांचे तुकडे वळवळताना दिसतात, एस काढतात, पुन्हा सरळ होतात. सगळे सुईसारखे ताठ पडलेले असतील आणि पाणी हलवलं तरी ढिम्म, तर तो फोटो काढून लगेच कंपनीला पाठवा, ओतू नका.

आणि पाणी. नळाचं क्लोरीनवालं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून वापरा.


कोरडवाहू | १७ मे, सकाळी ७:४८

संभाजीनगरात नळाला पाणी आठवड्यानं येतं. तोवर टाकीत राहून त्यातलं क्लोरीन पैठणला परत पोचलेलं असतं. चिंता नसावी.


मांजराकाठ | १७ मे, सकाळी ८:०२

हसू नका, आम्ही २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं आहोत. किड्यांना बोअरचं चालेल का?


परभणीचा_जर्मन | १७ मे, सकाळी ८:३०

चालतं. फार खारं नसलं म्हणजे झालं. बाकी कृती अशी: सूर्य कलल्यावरच, कारण उन्हातले अतिनील किरण त्यांना मिनिटांत मारतात. आधी वाफा भिजवायचा, मग ओतायचं, मग वरून परत हलकं पाणी म्हणजे पानांवर, पालापाचोळ्यावर अडकलेले खाली जातात. झारीनं ओता. पंप वापरलात तर नोझलची बारीक जाळी काढा, आणि तणनाशक मारलेला पंप तर नकोच. पाणी सारखं ढवळत राहा, नाहीतर सगळे तळाशी बसतात, पहिल्या गुलाबाला नुसतं पाणी आणि शेवटच्याला पावणेचार कोटी. पुढं दोन आठवडे माती ओली, वर उसाचं पाचट किंवा गवताचं आच्छादन.

गांडुळांना, कुत्र्या-मांजरांना, पोरांना काही होत नाही. आणि फोरेट-बिरेट कुणाच्या घरात जुनं पडलं असेल तर ते टाकून त्यावर हे टाकू नका. फोरेटवर तर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदीच आहे, तरी मागच्या फडताळातून निघतं.


अंबाजोगाईकर | १७ मे, सकाळी ११:००

आमच्या दाराच्या चौकटीला उधळी लागली आहे. तिला चालेल का?


काळीमाती | १७ मे, सकाळी ११:२०

बशीत घालून दिली तर मरते. वारुळात नाही. आजारी भाऊबंद ओळखून ती त्यांना बाजूला काढते, तो बोगदाच लिंपून टाकते. आपल्यापेक्षा शिस्तीची आहे. चौकटीसाठी सुतार बोलवा.


आजीचं_अंगण | १७ मे, दुपारी ३:१०

मांजराकाठ, तुम्ही म्हणालात गच्चीतल्या कुंड्यांत पण होत्या. त्या खरंच हुमणी होत्या का? कुंडीत कोणतं खत होतं?


मांजराकाठ | १७ मे, दुपारी ३:२५

शेणखत, घरचंच कंपोस्ट. दिसायला तशाच होत्या हो, पांढऱ्या, वळलेल्या. का?


आजीचं_अंगण | १७ मे, दुपारी ४:४०

उकिरड्यात, कंपोस्टात अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या अळ्या असतात. फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांच्या. त्या कुजलेलं खातात, जिवंत मुळांना सहसा लागत नाहीत, उलट खत बारीक करून देतात. ओळखायची खूण मला एका जुन्या माळीबुवांनी दाखवली होती. अळी उचलून फरशीवर ठेवायची. हुमणी कुशीवर पडून वळलेलीच राहते, धड चालता येत नाही. ही दुसरी मात्र उलटी होते आणि पाय आभाळाकडं करून पाठीवर सरपटत जाते. बघताना हसू येतं, पण खूण पक्की आहे.


कोरडवाहू | १७ मे, दुपारी ४:४४

पाय वर करून कामाला जाणारे आमच्या ऑफिसातही आहेत.


बीडचं_सीताफळ | १९ मे, रात्री ११:१५

थोडं विषयांतर, पण घरी वाढवायचा प्रयत्न केलेला इसम मीच. लॉकडाऊनमध्ये उद्योग नव्हता. मधपाळ मित्राकडून जुन्या पेट्यांतल्या मेणकिड्याच्या अळ्या आणल्या, डब्यात ओली माती आणि चिमूटभर पाकिटातली भुकटी. तिसऱ्या दिवशी अळ्या विटकरी. मग मोठ्या ताटलीत थोडं पाणी, मध्ये पालथी वाटी, तिच्यावर ओला कागद असा की कडा पाण्यात टेकेल, आणि कागदावर मेलेल्या अळ्या मांडल्या. दहाव्या दिवशी वाटीच्या कडेनं पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसा पांढुरका धूर उतरायला लागला. भिंगातून बघितलं तर तो धूर म्हणजे सगळी पोरं. मी तासभर जागचा हललो नाही.

मित्र म्हणाला होता की ह्या अळ्या अंधारात चमकतात, तो जिवाणूच प्रकाश देतो. रात्री न्हाणीघरात दिवा घालवून पंधरा मिनिटं डोळे फाडून बसलो, तेव्हा कुठं शिळ्या चांदण्यासारखं काहीतरी दिसलं. तेवढ्यात बायकोनं बाहेरून विचारलं, "आत काय करायलाव अंधारात?" खरं सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

मग ते पाणी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं. उन्हातली जात, फ्रीजच्या गारठ्यात लवकर मरते हे मला माहीत नव्हतं. ती ठेवायची पंधरा अंशांच्या आसपास, आडव्या पसरट डब्यात, हवा मिळेल अशी. मी उभ्या बाटलीत झाकण घट्ट लावून. आठ दिवसांत मेले, आणि फ्रीजमधून मला बाटलीसकट बाहेर काढण्यात आलं.


मांजराकाठ | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

धागा वर काढतोय, कारण हिशेब द्यायचा राहिला.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर निंबाखाली दादांचं ऐकून कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली जुनी चादर टाकली. सहा संध्याकाळी मिळून ३१२ भुंगेरे. मुलांनी मोजले, रुपयाला दहा ह्या भावानं. शेजारी गॅलरीतून बघत होते, तिसऱ्या दिवशी त्यांची मुलंही बॅटरी घेऊन आली.

जुलैत पाकीट मागवलं, पण ऑनलाइन नाही. एका ओळखीच्या कृषी केंद्रवाल्याला सांगून, एसटीच्या रात्रीच्या गाडीनं. पहाटे साडेपाचला स्टँडवर जाऊन मीच घेतलं. काळ्या बशीत बघितलं, वळवळत होते. त्याच संध्याकाळी, तारीख २३ जुलै, दिवसभर भुरभुर पाऊस होऊन गेला होता, झारीनं ओतलं. गुलाबांचे दोन वाफे मुद्दाम कोरे सोडले.

पंधरा दिवसांनी उकरलं. हिरवळीचा तुकडा, तिथं आम्ही गाळाची वाळूमिश्रित माती टाकली होती, तिथं फूटभर चौकोनात पाच अळ्या मिळाल्या आणि त्यातल्या चार विटकरी. मी बायकोला हाक मारून दाखवल्या, तिनं लांबूनच बघितल्या. गुलाबाच्या वाफ्यांत, जिथं नुसती काळी माती आहे, ओतलेल्यात आणि कोऱ्यात काहीच फरक नाही. दोन्हीकडं जिवंत दोन-तीन. काळीमाती ह्यांनी सांगितलं होतं तसंच. भुंगेरेच कमी झाल्यामुळे का काय, यंदा गुलाब एकच गेला.

आता गच्ची. ऑगस्टमध्ये कुंडी उलटी केली, अळ्या होत्याच. एक फरशीवर ठेवली. ती उलटी झाली आणि पाय वर करून पाठीवर चालायला लागली. दुसरी ठेवली, ती पण. सात ठेवल्या, सातही. मुलं हसून लोळली. गेल्या वर्षी मी कावळ्यांना जेवू घातली ती सगळी आमचं खत बारीक करणारी मंडळी होती. आजीचं अंगण, तुम्हाला नमस्कार. त्यांना परत कुंडीत घातलंय.


आजीचं_अंगण | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१०

कावळ्यांचं पुण्य तरी लागलं असेल.


निंबाखाली | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

३१२ म्हणजे बरंच झालं. सरासरी एक मादी पन्नासच्या वर अंडी घालते, निम्म्या माद्या धरा आणि करा हिशेब. मी काय म्हणत होतो.

बाकी उसात ह्यावर्षी कडेचे दोन सर पुन्हा हलायलेत. तिथं ओढ्याची वाळू पडलेली आहे. त्या कृषी केंद्रवाल्याला म्हणावं पुढच्या आषाढात माझ्याकडंही एक किलो टाक. एकच. बघायला.


परभणीचा_जर्मन | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

दादा, किलो नका म्हणू, जीव किती ते विचारा.


मांजराकाठ | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:००

सांगतो. आणि सासरे काल येऊन गेले. विटकरी अळीचा फोटो दाखवला. बराच वेळ चष्मा वरखाली करून बघितला आणि विचारलं, "आमच्या टमाट्यातल्यांना असलं काही करता येत नाही का?" वसमतच्या हळदीला दिलेलं उत्तर वाचून दाखवलं. झेंडूचं बी घेऊन गेले.


नवीन_सभासद_नांदेड | २ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

सगळा धागा वाचला, छान माहिती. हे घरातल्या डासांवर चालतं का? दर आठवड्याला धुरळणी होते तरी काही उपयोग नाही.


काळीमाती | २ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

नाही. हौदात गप्पी मासे सोडा, आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा.